दोन कागदांचा नकाशा

शोकसभेच्या फ्लेक्सवर डाव्या बाजूला कुमुद दाणी यांचा फोटो होता आणि उजव्या बाजूला जगाचा नकाशा. स्पेनपासून जावापर्यंत एकच हिरवा पट्टा. खाली लिहिलं होतं, ‘इतिहासाच्या सर्वसमावेशक अभ्यासक’.

तो नकाशा बाईंचा नव्हता. बाईंनी उभ्या आयुष्यात ज्या एका गोष्टीविरुद्ध भांडण केलं, ती गोष्ट त्यांच्या फोटोशेजारी छापून, हार घालून, उदबत्ती लावून ठेवली होती. शोकसभा भरवणाऱ्या मराठी मंडळाचे सचिव निनाद यांना मी हे दाखवलं. ते मनापासून वरमले. “अरे हो. फोल्डरमध्ये तीच फाइल होती,” म्हणाले. फ्लेक्स उतरवला गेला नाही. अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं.

भाषणात बाईंचं चरित्र आलं. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती. ते सगळं बरोबर होतं आणि त्यात बाई कुठेच नव्हत्या.

दाणीबाई इंदूरच्या एका खाजगी महाविद्यालयात जगाचा इतिहास शिकवत. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये पेन्सिल आणि खोडरबर. चहा बिनसाखरेचा घेत आणि त्याबरोबर जलेबी खात. वर्गात हिंदी बोलत, वर्गाबाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. रागवायला त्यांना मोठं कारण लागत नसे. उत्तरपत्रिकेत ‘असे म्हटले जाते’ हे शब्द पुरेसे होते. समासात त्या लिहीत, ‘कोण म्हणतं? कशावरून?’ आमच्या तुकडीच्या उत्तरपत्रिका परत येत तेव्हा लाल अक्षरांत एवढंच वाचायला मिळे.

त्यांचा सगळ्यात मोठा राग होता पाठ्यपुस्तकातल्या एका नकाशावर. इस्लामचा प्रसार दाखवणारा तो नकाशा सगळ्यांनीच पाहिलेला असतो. अरबस्तानातून बाण निघतात आणि बाण जिथे पोचतात तिथपर्यंत एकच रंग भरलेला असतो. बाई तो नकाशा वर्गात उंच धरत आणि म्हणत, “ज्याने हे रंगवलं, त्याच्याकडे एकच ब्रश होता. तो धुवायचा त्याने आळस केला.”

मग त्या प्रत्येकाला दोन बटर पेपर देत. दोन्हींवर जगाची तीच बाह्यरेषा काढायची. पहिल्या कागदावर फौज. बाहेरून सैन्य जिथे जिथे गेलं, तिथे आडव्या रेघा. दुसऱ्या कागदावर लोक. जिथल्या बहुतेक माणसांनी पुढे धर्म घेतला, तिथे ठिपके. घरून करून आणायचं, पुस्तकं बघून, प्रत्येक ठिपक्याला आधार देऊन. मग वर्गाच्या खिडकीच्या काचेवर एक कागद दुसऱ्यावर ठेवायचा. उजेड आरपार येई आणि दिसे, की दोन्ही जुळत नाहीत.

जावा-सुमात्रात गच्च ठिपके, रेघ एकही नाही. तिथे अरबांची फौज कधी उतरलीच नव्हती. व्यापारी उतरले, बंदरांत राहिले, लग्नं केली. हंगेरीत रेघा आहेत, कारण तुर्कांची फौज तिथे पोचली होती, पण ठिपके नाहीत. दिल्ली-आग्र्याभोवती शतकानुशतकं राजधान्या, म्हणजे रेघांवर रेघा, आणि ठिपके विरळ. पण राजधानीपासून लांब, पूर्व बंगालच्या भातशेतीत ते दाट. स्पेनमध्ये ठिपके काढून मग खोडायचे, आणि खोडल्याची खूण ठेवायची, कारण तिथली माणसं नंतर बाटवली किंवा हाकलली गेली. इजिप्त आणि इराणमध्ये रेघा आणि ठिपके दोन्ही. तिथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणे, इथे तरी जुळलं. बाई लगेच विचारत, “मधली शतकं कुठे गेली?”

कारण फौज आली आणि लोक दुसऱ्या दिवशी मुसलमान झाले, असं तिथेही झालेलं नव्हतं. नव्या राज्याचा हिशेब बराच काळ जुनेच कारकून जुन्याच भाषांत ठेवत होते. जादा कर बिगरमुसलमानांकडून येत होता, म्हणून सगळ्यांनी धर्म बदलावा अशी घाई सुरुवातीच्या खलिफांनाही नव्हती. आजोबा आणि नातू यांच्या नावांतून हळूहळू धर्म बदलत गेला. “मधली शतकं” हे बाईंचं पालुपद होतं. इंदूरला उड्डाणपूल होऊन गर्दी आपोआप कमी झाली असं कुणी म्हटलं, तरी त्या विचारत, “आणि मधली शतकं?”

एकदा वर्गाची सहल मांडूला गेली. महाल, तलाव, कमानी बघून झाल्यावर मुलं कड्याच्या काठावर बसली. खाली नर्मदेकाठचा निमाड पसरलेला. धर्मेंद्र नावाचा एक मुलगा होता, सांवेरचा, बोलण्यात तिखट. तो म्हणाला, “मॅडम, सुलतान यहीं बैठता था, और नीचे गाँव के गाँव हिंदू और भील. इनकी तलवार में जंग लग गया था क्या?”

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना गप्प बसवून सांगितलं, “यह सवाल लिखो. जवाब अभी मत लिखना.” परतीच्या बसमध्ये त्या धर्मेंद्रच्या शेजारी बसल्या आणि इंदूर येईपर्यंत त्याचं डोकं खाल्लं. सुलतानाला शेतकऱ्याकडून काय हवं असतं? धर्म की धारा, म्हणजे शेतसारा? गढीखालची वस्ती कोणाची, आणि रानातली कोणाची? धर्मेंद्रने नंतर मित्रांना सांगितलं, की आपण एक विनोद केला होता आणि त्याची शिक्षा घाटापासून इंदूरच्या राजेंद्रनगरपर्यंत भोगली.

याच धर्मेंद्रने परीक्षेत लिहिलं, की इस्लाम सर्वत्र तलवारीने पसरला. त्याच परीक्षेत इरफान नावाच्या मुलाने लिहिलं, की इस्लाम सर्वत्र सूफी आणि व्यापारी यांच्यामुळे, प्रेमाने पसरला. बाईंनी दोघांनाही सारखेच कमी गुण दिले आणि दोघांच्याही पेपरावर एकच शेरा मारला, ‘निम्मा नकाशा’. दोघे वेगवेगळे प्राचार्यांकडे गेले. एकाची तक्रार, की मॅडम त्यांची बाजू घेतात. दुसऱ्याची तक्रार, की मॅडम आमची बदनामी करतात. प्राचार्यांनी बाईंना बोलावून दोन्ही अर्ज पुढे ठेवले.

बाईंनी ते वाचले. म्हणाल्या, “दोघांनी मिळून एक अर्ज आणावा. मग खुलासा देते.”

प्राचार्य म्हणाले, “मॅडम, तुम्ही बात को समझिए.”

“समझली. म्हणूनच म्हणते.”

तो एकत्रित अर्ज कधी आला नाही.

त्या कुणालाच सोडत नसत, हे सांगितलं पाहिजे, कारण शोकसभेत त्यांना ‘सर्वांना सांभाळून घेणाऱ्या’ म्हटलं गेलं. निवृत्तीनंतर सकाळच्या फेरीवरून येताना त्या कोपऱ्यावरच्या दुकानात पोहे घेत. एके सकाळी दुकानदार गिऱ्हाइकांना मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवत होता, की अमक्यांनी अर्धी दुनिया तलवारीने बाटवली. बाईंनी प्लेट खाली ठेवली.

“भिया, जावामध्ये कोणती फौज गेली होती?”

“माताजी, फॉरवर्ड है. मैंने थोड़ी लिखा है.”

“शिळे पोहे गिऱ्हाइकाला वाढता का?”

“राम राम. कभी नहीं.”

“मग हे का वाढता? कुणी केलंय माहीत नाही, कधीचं आहे माहीत नाही.”

त्याच वर्षी ईदला त्या एका जुन्या सहकाऱ्याकडे गेल्या होत्या. प्राध्यापक कुरेशी, गणिताचे. गप्पांत ते म्हणाले, “आपल्याकडे तर सगळं मोहब्बतनेच झालं, कुमुदजी.” बाईंनी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली. ही त्यांची सवयच होती. भांडायचं झालं की आधी हात मोकळे करायच्या.

“सिंधमध्ये लढाई कोण लढलं मग? मोडलेल्या देवळांचे दगड आपोआप पडले? गुलाम करून नेलेल्यांना कुणी मोहब्बतने विचारलं होतं?”

“अहो, ईद के दिन तो बख़्श दो.”

“ईदच्या दिवशी अर्धंच सांगायचं असं कुठे लिहिलंय, दाखवा.”

कुरेशी हसायला लागले. बाईंनी वाटी उचलली आणि आणखी वाढायला सांगितलं. त्या दोघांचं येणं-जाणं शेवटपर्यंत टिकलं. शोकसभेत कुरेशी मागच्या रांगेत बसले होते. त्यांना बोलायला सांगितलं नाही.

महाविद्यालयातला बाईंचा धडा त्यांच्या निवृत्तीबरोबर संपला. अभ्यासक्रमातून तो कुणी काढला नाही. फक्त, त्यावर प्रश्न येत नाही असं ठरलं, आणि ज्यावर प्रश्न येत नाही ते कुणी शिकवत नाही. बाई नव्या अध्यापकाला भेटायला गेल्या. त्याने आदराने खुर्ची दिली आणि म्हणाला, “मॅडम, वो सेंसिटिव टॉपिक है, सेल्फ़ स्टडी में दे देते हैं.” बाई घरी येऊन दोन दिवस चिडलेल्या होत्या. “ज्या विषयावर घरोघरी भांडणं चाललीत, तेवढा एकच विषय वर्गात शिकवायचा नाही. म्हणजे तो फक्त फोनवर शिकायचा,” असं त्या ज्याला त्याला ऐकवत.

म्हणून आमच्या भागातल्या मराठी मंडळाने व्याख्यानमालेसाठी विचारलं, तेव्हा त्यांनी हाच विषय दिला. वर्ग गेला होता. हे एक सभागृह उरलं होतं. त्यांनी नवे बटर पेपर आणले, दोन्ही नकाशे पुन्हा काढले, प्रत्येक रेघ पुन्हा तपासली. मंचावर मोठा दिवा हवा, असं कळवलं. एक कागद दुसऱ्यावर ठेवून आरपार दाखवायचा होता. पत्रकासाठी मागितले म्हणून दोन्ही कागद निनादकडे दिले.

निनाद पुण्याहून नोकरीसाठी आलेले, उत्साही, कुणाच्याही कामाला धावणारे. त्यांनी दोन्ही कागद स्कॅन केले आणि एकात मिसळले. रेघा आणि ठिपके छपाईत नीट उठत नव्हते, म्हणून ते काढून सपाट हिरवा रंग भरला. असा तो पट्टा तयार झाला. स्पेन, हंगेरी, माळवा, जावा, सगळं एकसारखं. वर ठळक अक्षरांत बाईंचं नाव.

पत्रक घरोघर गेलं आणि मंडळाला फोन येऊ लागले. एकाने विचारलं, हिंदुस्थान हिरवा दाखवता, हिंमत कशी होते? दुसऱ्याने विचारलं, जिथे जिथे आम्ही आहोत तिथे तलवारच गेली असं दाखवता का? दोघांची मागणी एकच होती, कार्यक्रम बंद करा. अध्यक्ष खेर यांनी कार्यकारिणी बोलावली. खेर रेल्वेतून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे, कुणाशी वाईटपणा नसलेले गृहस्थ. बाईही गेल्या. मी वर्तमानपत्रात काम करतो; बाईंचा जुना विद्यार्थी म्हणून त्यांच्याबरोबर त्या बैठकीला होतो.

“ताई, तुमच्यावर कुणाचाच आक्षेप नाहीये,” खेर म्हणाले. “पण माहौल बघा ना जरा.”

“कुठे राहतो तो? पत्ता द्या, जाऊन भेटते.”

कुणीतरी चहा पुढे केला. बाईंनी घेतला नाही.

निनाद उभे राहिले. “मॅम, ॲक्च्युअली मिस्टेक माझी आहे. दोन्ही शीट्स सेम वाटल्या. मला वाटलं एक रफ असेल. मर्ज केल्यावर लुक क्लीन आला.”

“एकीवर रेघा होत्या, एकीवर ठिपके.”

“प्रिंटमध्ये टेक्स्चर जातं, मॅम. म्हणून फ्लॅट ग्रीन दिला.”

“आणि हिरवाच का?”

निनाद म्हणाले, “सब्जेक्टला सूट होतो म्हणून.”

बाई त्यांच्यावर चिडल्या नाहीत. ज्याने चूक कबूल केली त्याच्यावर त्या कधी चिडत नसत. त्या खेरांकडे वळल्या.

“दोन माणसांचे फोन आले. दोघांनाही नकाशा चुकीचा वाटला. दोघंही बरोबर आहेत. नकाशा चुकीचाच आहे. मग मला तो दुरुस्त का करू देत नाही? त्या दोघांना पहिल्या रांगेत बसवा. मी आधी माफी मागते, चुकीचा नकाशा हातात दिल्याबद्दल. मग बरोबर दाखवते.”

“ताई, दुरुस्ती लंबी होते. माफी छोटी असते. माफीवरच भागवू.”

“कशाची माफी?”

“आता… जनरल.”

“जनरल माफी म्हणजे काय, खेरजी? मी जनरल चूक केलीय का?”

एक ज्येष्ठ सदस्य समजावणीच्या सुरात म्हणाले, “कुमुदताई, तुम्ही कृष्णपुऱ्याच्या होळकरांच्या छत्र्यांवर बोला ना. किती सुंदर विषय आहे. आपला आहे, सेफ आहे.”

“छत्र्यांवर बोलले तरी कमानीपाशी येऊन अडकेन. ती कमान कुठून आली हे सांगावं लागेल. तिथेही मग माफी मागू?”

 चहाचे कप उचलले गेले. निर्णय नंतर कळवतो, असं ठरलं.

निर्णय बाईंना कळवला गेला नाही. तो वर्तमानपत्रांना कळवला गेला. संध्याकाळी आमच्या कार्यालयात मंडळाचं प्रसिद्धिपत्रक आलं. व्याख्यानाचा विषय बदलण्यात येत आहे. समाजाच्या भावना दुखावल्याबद्दल प्रा. कुमुद दाणी यांनी खेद व्यक्त केला आहे. मी बाईंना फोन करून विचारलं.  त्या अगदी सावकाश, शब्द सुटे करत बोलल्या.

“मी चुकीच्या नकाशाची माफी मागायला तयार होते. यांनी विषयाची मागितली. आणि माझ्या तोंडाने मागितली. लिही, दाणींनी खेद व्यक्त केलेला नाही. यात एक शब्द जास्त घालू नकोस.”

बातमी त्याच वाक्याने छापून आली. दुसऱ्या दिवशी मंडळाने खुलासा पाठवला, की खेद व्यक्त केला म्हणजे खेद व्यक्त करण्याची मानसिक तयारी दर्शवली, असा अर्थ घ्यावा. कुणाच्याही मनाला त्रास देण्याचा हेतू नव्हता.

या सगळ्यात कुणी आवाज चढवला नाही, हे नोंदवून ठेवायला हवं. कुणी धमकी दिली नाही, दगड मारला नाही. फोन करणारे दोघे पुन्हा कधी दिसले नाहीत. एका बाईचं तोंड बंद करण्याचं सगळं काम सभ्य, सुशिक्षित, तिच्याबद्दल आदर असलेल्या माणसांनी चहा पीत केलं. तिच्यावर प्रेम असल्याचं ते आजही सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत.

ठरलेल्या दिवशी व्याख्यान झालं. विषय होता माळव्याची खाद्यसंस्कृती. वक्ते चांगले होते. सभागृह भरलं होतं. शेवटी खायला भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस होता.

बाई आल्या होत्या. त्या सभागृहात गेल्या नाहीत. दाराबाहेर चपलांच्या मांडणीजवळ बाक आहे, त्यावर बसल्या. बाकाखाली उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा रद्दीसाठी बांधून ठेवला होता. त्यांनी सुतळी सोडली, गठ्ठा मांडीवर घेतला आणि पर्समधून पेन्सिल काढली. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटेना, म्हणून बॉलपेन घेतलं. त्या हिरव्या पट्ट्यावर रेघा मारू लागल्या. मग ठिपके. स्पेनवर ठिपके काढून त्यावर फुली. कडेला लिहीत, ‘मधली शतकं’. एक पत्रक झालं की बाजूला ठेवून दुसरं. उत्तरपत्रिका तपासायच्या तशाच, मान खाली, ओठ घट्ट.

आतून टाळ्या ऐकू आल्या. माणसं प्लेटी घेऊन बाहेर यायला लागली. बाई प्रत्येकापुढे एक पत्रक धरत. “तुमच्या घरी चुकीचं गेलं होतं. हे दुरुस्त केलंय.” काहींनी घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. काही जण चपला शोधण्यात गुंतले. खेर दारापर्यंत आले, त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि ते मागच्या दाराने गेले. मी जिन्यापाशी होतो.

हातात किसाची प्लेट घेतलेले एक गृहस्थ थांबले. ओळखीचे नव्हते. पत्रक डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी विचारलं, “ताई, हे रेघा-ठिपके काय प्रकार आहे?”

“वेळ आहे का?”

“थोडा आहे.”

“थोड्यात होत नाही. बसा.”

गृहस्थांनी प्लेटीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली, बाकावर जागा झाली. ते बसले.

त्याच वर्षीच्या थंडीत बाई गेल्या. त्याआधीचं त्यांचं हेच मला शेवटचं दिसणं. त्यांनी पत्रक त्या गृहस्थांच्या बाजूला फिरवलं, पेनचं टोक मक्केवर टेकवलं, आणि वर्गात बोलत तेवढ्या मोठ्या आवाजात विचारलं, “आता सांगा. इथून आधी कोण निघालं, फौज की व्यापारी?”